गोष्ट जिथे तुटते : ‘थ्रेड्स’ पाहताना

अणुयुद्धावरचा चित्रपट बॉम्ब केव्हा टाकतो, त्यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. ‘थ्रेड्स’मध्ये तो पडायला जवळजवळ पाऊण तास लागतो. तोवर आपण इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात दोन कुटुंबांच्या घरांत वावरत असतो. जिमी केम्प हा कामगार वस्तीतला पोरगा, रूथ बेकेट ही जरा बऱ्या परिस्थितीतल्या घरची मुलगी. लग्नाआधीच तिला दिवस गेले आहेत. मग घाईनं ठरलेलं लग्न, दोन्हीकडच्या आईबापांची पहिली अवघडलेली भेट, नव्या बिऱ्हाडाच्या भिंतींवरचा जुना कागद खरवडून काढणं. टीव्हीवरच्या एखाद्या कौटुंबिक मालिकेचे पहिले दोन भाग पाहतोय असं वाटावं, इतकं सगळं सरळसाधं.

बीबीसीनं हा ११२ मिनिटांचा चित्रपट २३ सप्टेंबर १९८४ रोजी आपल्या दुसऱ्या वाहिनीवर दाखवला. अर्धा माहितीपट, अर्धं नाटक असा हा प्रकार. इंग्रजीत त्याला डॉक्युड्रामा म्हणतात आणि आता आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. ‘थ्रेड्स’बद्दल बोलताना लोक हटकून त्यातल्या स्फोटाबद्दल, भाजलेल्या देहांबद्दल, इस्पितळातल्या करवतीबद्दल बोलतात. ती दृश्यं भयानक आहेतच. पण त्या तोडीची दृश्यं पुढे इतर चित्रपटांनीही दाखवली, आणि ती विसरलीही गेली. ‘थ्रेड्स’ विसरला जात नाही याचं कारण मला त्याच्या बांधणीत दिसतं. त्यात समाज कोसळत जातो, तसतसा चित्रपट गोष्ट सांगण्याची आपली साधनंही एकेक करून सोडून देतो. आधी नायक जातो, मग कुटुंब, मग सरकार, मग निवेदकाचा आवाज आणि शेवटी भाषा. प्रेक्षकाला धरायला काही म्हणता काही उरत नाही.

ही बांधणी जमून आली, कारण दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची माणसं इथे एकत्र आली. दिग्दर्शक मिक जॅक्सन विज्ञानपटांतला. एक मेगाटनचा बॉम्ब लंडनवर फुटला तर काय होईल, हे त्यानं १९८२ साली ‘अ गाइड टू आर्मगेडन’ या छोट्या माहितीपटात थंड डोक्यानं मांडून दाखवलं होतं. लेखक बॅरी हाइन्स यॉर्कशरच्या खाणपट्ट्यातला, शेफील्डच्या अंगणातलाच. त्याची ‘अ केस्ट्रल फॉर अ नेव्ह’ ही १९६८ची कादंबरी आणि तिच्यावरचा केन लोचचा ‘केस’ हा चित्रपट इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत आहे. खाणकामगाराच्या घरातला, कुणाच्याच खिजगणतीत नसलेला एक मुलगा ससाणा पाळतो, ही ती गोष्ट. जॅक्सनला आकडे ठाऊक होते आणि हाइन्सला माणसं. कामगार बाप शनिवारी संध्याकाळी कसा बोलतो, कारखान्यातल्या कपातीची बातमी जेवणाच्या टेबलावर कशी येते, हे हाइन्सला कुणाकडून शिकायचं नव्हतं. त्याचा जिमीही पक्षी पाळतो. घरामागच्या मोठ्या पिंजऱ्यातल्या पाखरांशी तो जितका मोकळा असतो तितका माणसांशी नसतो. हा तपशील हाइन्सनं उगाच घातलेला नाही. पुढे तो कामाला येतो.

चित्रपट सुरू होतो तो जाळं विणणाऱ्या एका कोळ्यावर. निवेदक सांगतो की शहरात प्रत्येकाची गरज दुसऱ्या कुणाच्या तरी कसबावर भागते. या परस्परांतल्या गुंत्यामुळेच समाज बळकट होतो, आणि त्याच गुंत्यामुळे तो नाजूकही होतो. एवढं तत्त्वज्ञान सांगून झालं की कॅमेरा थेट शहराबाहेरच्या टेकडीवर जातो. गाडीत जिमी आणि रूथ, खाली पसरलेलं शेफील्ड. जिमी रेडिओची कळ फिरवतोय. बातम्या लागल्या की पुढे, फुटबॉल लागलं की थांब. त्या ओलांडलेल्या बातमीत इराणमधल्या हालचालींचं काहीतरी असतं. आपणही ते धड ऐकत नाही, कारण आपलं लक्ष त्या दोघांकडे असतं.

पहिल्या पाऊण तासाची सगळी कारागिरी या कळ फिरवण्यात आहे. पबमध्ये टीव्ही चालू आहे, सोव्हिएत फौजा इराणमध्ये उतरल्याची बातमी येतेय, आणि कुणाचं लक्ष नाही. घरात आई स्वयंपाकाच्या गडबडीत आहे, बाजूला वृत्तनिवेदिका अमेरिकेच्या हरवलेल्या पाणबुडीबद्दल बोलतेय. प्रेम, लग्न, घर हे पुढे आणि युद्ध मागे, अशी मांडणी. मग हळूहळू पुढचं मागे जायला लागतं. आधी कुणीतरी आवाज मोठा करतं. मग बोलणं थांबवून सगळे पडद्याकडे बघतात. मग दुकानांतून डबाबंद अन्न नाहीसं होतं, गाड्यांवर गाद्या बांधून माणसं शहर सोडू लागतात, पोलीस महत्त्वाचे रस्ते खाजगी वाहनांना बंद करतात, इस्पितळं खाटा रिकाम्या करतात आणि रूथच्या आजारी आजीला घरी पाठवून दिलं जातं. शांततावाद्यांची सभा होते, आणि थोड्याच दिवसांत सरकार ‘धोकादायक’ माणसांची धरपकड सुरू करतं. यातली एकही गोष्ट ढोल बडवून सांगितलेली नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. युद्ध घरात शिरतं ते पाहुण्यासारखं दार वाजवून नव्हे. ते आधीपासूनच घरात, कोपऱ्यातल्या पेटीत बोलत बसलेलं असतं.

या घरगुती गोष्टीच्या मध्येच, टेलिप्रिंटरच्या खडखडाटासह, पडद्यावर अक्षरं उमटतात. तारीख, वार, वेळ. शेफील्डची लोकसंख्या, तिथले पोलाद आणि रसायनांचे कारखाने, जवळच असलेला फिनिंग्लीचा हवाई दलाचा तळ. जोडीला पॉल व्हॉन या निवेदकाचा आवाज. हा आवाज बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञानमालेमुळे त्या काळच्या प्रेक्षकाच्या कानात मुरलेला होता. त्यात ना चढउतार, ना कळवळा. कामगार बापाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलतो आणि हा आवाज सांगतो की अमुक अंतरापर्यंत घरं पेट घेतील. नाटकानं जो जीव जवळ आणला, त्याची लगेच आकडेवारी होते. माणूस आणि आकडा यांची ही सततची अदलाबदल म्हणजे या चित्रपटाचा कणा. नुसतं नाटक असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो. नुसते आकडे असते तर जांभई दिली असती. इथे दोन्हीची सोय नाही.

हल्ला होतो २६ मे या तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेआठला. वर्ष मुद्दाम सांगितलेलं नाही. ब्रिटनमध्ये साडेआठ म्हणजे वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे साडेतीन, आणि म्हणून पाश्चात्त्यांचा प्रतिसाद या घटकेला सर्वांत मंद असणार, एवढं निवेदक नोंदवतो. केम्प यांच्या घरी बाप त्या क्षणी संडासात असतो. जगाच्या अंताची वेळ कुणालाही सोयीची नसते, हे इतक्या साधेपणानं क्वचितच कुणी दाखवलं असेल. पहिला स्फोट उत्तर समुद्राच्या वर, खूप उंचावर होतो आणि वीज व दळणवळण कोलमडतं. मग फिनिंग्लीवर बॉम्ब पडतो. शेफील्डच्या ‘द मूर’ या बाजाराच्या रस्त्यावर पळापळ चाललेली असते. इमारतींच्या मागून ढग वर चढताना दिसतो. गर्दीतली एक मध्यमवयीन बाई त्याच्याकडे बघत उभी राहते, आणि तिच्या पायांवरून मूत्र ओघळून बुटांत जातं.

या एका दृश्यावर थांबायला हवं. ती बाई आपल्याला आधी कधी दिसलेली नाही, पुढेही दिसणार नाही. तिला नाव नाही, संवाद नाही. चित्रपटात शहरं भाजून निघतात, पण प्रेक्षकाच्या मनात ही बाई बसते. आपण अजून जिवंत आहोत, अंगावर साधा ओरखडा नाही, आणि तरीही संपलो आहोत, हे तिच्या शरीराला तिच्याआधी कळलेलं असतं. शिवाय हे घडतं भर बाजारात. लाज नावाची जी गोष्ट माणसाला चारचौघांत माणूस ठेवते, ती सगळ्यात आधी गळून पडते. इमारती नंतर पडतात. पुढच्या तासाभरात जे होणार आहे त्याचा सारांश या काही सेकंदांत येऊन जातो. त्यानंतर मुख्य स्फोट. वितळणाऱ्या दुधाच्या बाटल्या, पेटलेला ‘ई. टी.’चा बाहुला, आगीचे लोळ. बीबीसीकडे हॉलिवूडचा पैसा नव्हता, आणि ते बरंच झालं. भव्यता परवडत नसल्यामुळे जॅक्सन घरातल्या वस्तूंकडे वळला.

जिमी कुठे आहे? मोठा आवाज झाला तेव्हा तो कामावरच्या सोबत्याबरोबर, बॉबबरोबर, गाडीखाली शिरला होता. मग रूथकडे जायचं म्हणून तो उठून धावत सुटतो. हे त्याचं शेवटचं दर्शन. तो मेला का, कसा मेला, कुठे पडला, हे चित्रपट कधीही सांगत नाही. गोष्ट ऐकण्याची जी आपली जन्माची सवय आहे, तिला इथे पहिला तडा जातो. नायक मेला तर आपण शोक करू शकतो, परत आला तर सुटकेचा श्वास टाकू शकतो. इथे तो गोष्टीतूनच निखळतो. कितीतरी वेळ आपण प्रत्येक गर्दीत त्याला शोधत राहतो, रूथही शोधते. त्याच्या घरी पोचल्यावर तिच्या हाती लागतं ते त्याचं पक्ष्यांचं पुस्तक. खऱ्या आपत्तीत हजारो घरांना हेच भोगावं लागतं: माणूस गेल्याचं दुःखही धड करता येत नाही, कारण बातमीच नसते. हाइन्सनं कथेतलं हे भोक तसंच उघडं ठेवलं.

केम्प यांचं घर कसं मोडतं, तो भाग उपहासाच्या कडेवरून चालतो. ब्रिटिश सरकारनं १९८० साली ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ नावाची पुस्तिका विक्रीला काढली होती, आणि त्याच सूचनांचे छोटे बोधपट तयार करून ठेवले होते. घरातले दरवाजे बिजागऱ्यांवरून काढा, आतल्या भिंतीला तिरके टेकवा, त्यावर माती भरलेल्या पिशव्या रचा, आत चौदा दिवस काढा. कुणी मेलं तर प्रेताला नावाची चिठ्ठी लावा, गुंडाळा, दुसऱ्या खोलीत ठेवा. चित्रपटात हे बोधपट केम्प यांच्या टीव्हीवर लागतात. आवाज समजूतदार, चित्रं नीटनेटकी. आणि बाप खरोखरच दरवाजे उतरवायला घेतो, कारण सरकार सांगतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. जॅक्सन त्याची टर उडवत नाही. दरवाजा भिंतीला टेकवणाऱ्या त्या हातांबद्दल त्याला आदरच आहे. राग आहे तो सूचनेवर. स्फोटानंतर धाकटा मुलगा मायकल ढिगाऱ्याखाली सापडतो. आई भाजून अंथरुणाला खिळते आणि मरते. बिजागऱ्यांवरून काढलेल्या त्या दरवाज्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

याच वेळी शहराच्या टाउन हॉलच्या तळघरात दुसरं नाटक चाललेलं असतं, आणि चित्रपटातला सर्वांत तीक्ष्ण भाग मला तोच वाटतो. युद्धकाळात मध्यवर्ती सरकार कोलमडलं तर स्थानिक कारभार महापालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यानं हाती घ्यायचा, अशी ब्रिटनची योजना होती. आपल्याकडे महापालिका आयुक्त असतो तसा हा क्लाइव्ह सटन. कचरा, रस्ते, शाळा बघणारा भला माणूस. त्याच्याबरोबर अन्न, वाहतूक, आरोग्य अशी खाती वाटून घेतलेले अधिकारी. वर इमारत कोसळते आणि बाहेर पडायचे रस्ते बंद होतात. खाली टेबलं आहेत, नकाशे आहेत, वायरलेस आहे, आणि सिगारेटच्या धुरात भांडणं आहेत. अन्न कुणाला द्यायचं? जे मरणारच आहेत त्यांना द्यायचं का? अग्निशमन दल पाठवायचं, तर कुठल्या रस्त्यानं? यांतला कुणी खलनायक नाही. प्रत्येक जण आपल्या खात्याचं काम करायला बघतोय. फक्त ज्या शहराचा कारभार ते करताहेत, ते शहर आता नाही. काही आठवड्यांनी सैनिक ढिगारा उपसून आत पोचतात, तेव्हा सगळे आपापल्या जागी मेलेले असतात. गोष्टीतून सरकार नावाचं पात्र असं गुदमरून जातं. शेफील्ड महापालिकेनं त्या काळी स्वतःला अण्वस्त्रमुक्त क्षेत्र जाहीर केलं होतं आणि या चित्रीकरणाला मदत केली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रसंगाला आणखी धार येते. आपल्याच पदाचा अंत पडद्यावर कसा दिसेल, हे त्या महापालिकेनं पाहू दिलं.

त्यानंतर जे सरकार उरतं, त्याचा चेहरा म्हणजे बंदूक घेतलेला वाहतूक वॉर्डन. चेहऱ्यावर रक्ताळलेल्या पट्ट्या, डोक्यावर टोपी, हातात रायफल. टेनिस कोर्टाच्या जाळीआड कोंडलेल्या लुटारूंवर तो पहारा करतोय. हे चित्र पुढे ‘थ्रेड्स’ची ओळखच बनलं, ‘रेडिओ टाइम्स’च्या मुखपृष्ठावरही तेच होतं. कालपरवापर्यंत चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर दंडाची पावती चिकटवणारा हा माणूस. त्याचा गणवेश तोच, काम बदललं. अन्न आता पैशाच्या जागी आलं आहे. काम केलं तर वाटा मिळेल, नाही केलं तर नाही. निवेदक हे त्याच्या नेहमीच्या सपाट सुरात सांगतो. इस्पितळात भूल नाही, पाणी नाही, वीज नाही. पाय करवतीनं कापला जातो तेव्हा रोग्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली असते. रूथ त्या बोळातून वाट काढत जाते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग. कुठल्याही देहावर तो रेंगाळत नाही. रेंगाळला असता तर आपण डोळे मिटले असते. तो चालत राहतो, म्हणून आपल्याला बघावंच लागतं.

आता सगळी गोष्ट रूथच्या पोटावर तोललेली असते. मेलोड्रामाचा नियम असा की शेवटी मूल जन्मतं आणि उजाडतं. रूथ शहर सोडते, बक्स्टनच्या बाजूला जाते. तिथे बॉब भेटतो, आणि दोघं किरणोत्सारानं मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस खातात. पुढे एका गोठ्यात तिला एकटीलाच कळा येतात. बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकत असतं. नाळ ती दातांनी तोडते. गोठा, आई, तान्हं मूल ही मांडणी ख्रिस्ती प्रेक्षकाला ओळखू आल्याशिवाय राहणार नाही. फक्त इथे ना मेंढपाळ, ना तारा. बाळ जगतं, आणि आपल्याला हायसंही वाटत नाही. आशेचं जे सर्वांत जुनं नाणं कथाकाराच्या खिशात असतं, ते ‘थ्रेड्स’ काढून दाखवतो आणि ते चालत नाही हेही दाखवतो.

मग येतो काळोख आणि गारठा. आगींची काजळी वातावरणात चढून सूर्यप्रकाश अडवेल आणि पिकं बुडतील, हा अणुहिवाळ्याचा सिद्धान्त कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९८३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला होता. वर्षही उलटलं नसेल, तोच तो ‘थ्रेड्स’मध्ये माणसांच्या अंगावर पडला. चित्रपटानं तो हवामानाचा नकाशा म्हणून आणला नाही. करड्या आभाळाखाली वाकलेल्या बायका खुरप्यांनी, हातांनी कडक जमीन उकरताहेत, एवढंच दिसतं. इंधन संपतं आणि ट्रॅक्टर थांबतात. लोकसंख्या कमी होत होत मध्ययुगातल्या आकड्यावर येऊन ठेपते, कदाचित ४० लाख ते १ कोटी १० लाख, असं अक्षरं सांगतात. आणि याच सुमारास आपल्या लक्षात येतं की निवेदक फारसा बोलत नाहीसा झाला आहे. ज्या आवाजाचा इतका वेळ राग येत होता, तो हवासा वाटू लागतो. कुणीतरी बाहेरून बघतंय, मोजतंय, म्हणजे कुठेतरी बाहेर काहीतरी शाबूत आहे, एवढा दिलासा त्या कोरड्या आवाजात होता. तोही जातो.

दहा वर्षांनी रूथ मरते. वय तिशीच्या आसपास, पण डोळ्यांत मोतीबिंदू, केस पांढरे, चेहरा म्हातारीचा. शेजारी तिची मुलगी जेन. मेलेल्या आईला ती उठवू बघते ती दोनतीन तुटक शब्दांनी. त्यांतला एक शब्द कामाचा. आई म्हणजे काम करणारं आणखी एक शरीर, याहून मोठं नातं तिच्या भाषेत नाही. जिमीच्या पक्ष्यांच्या पुस्तकाचं वजन इथे कळतं. पक्ष्यांची नावं, त्यांची पिसं, त्यांची अंडी माणसानं बारकाईनं लिहून ठेवावीत, असं एक जग होतं. जेनच्या जगात त्या पुस्तकाला जागाच नाही.

यानंतरचा वर्गातला प्रसंग मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत कसदार वाटतो. एका पडक्या खोलीत काही मुलं जुन्या टीव्हीसमोर बसली आहेत. झिजलेली व्हिडिओ फीत लागली आहे: युद्धापूर्वीचा लहान मुलांसाठीचा शैक्षणिक कार्यक्रम. पडद्यावरची बाई प्रसन्न चेहऱ्यानं प्राण्यांची नावं सांगते, सांगाडे दाखवते. चित्र थरथरतं, आवाज लांबतो. मुलांच्या चेहऱ्यांवर ना कुतूहल, ना कंटाळा. ती नुसती बघतात. ज्या टीव्हीनं पहिल्या पाऊण तासात युद्ध घरात आणलं, तोच आता संस्कृतीचा शेवटचा शिक्षक आहे, आणि तो मेलेल्यांच्या वतीनं बोलतोय. याच भागात मुलं जुने कपडे उसवून त्यांतला दोरा बोटांनी सुटा करताना दिसतात. नवं काही विणायचं ज्ञान नाही. जुनं उसवून वापरणं एवढंच जमतं. कोळ्याच्या जाळ्यानं सुरू झालेला विचार इथे कामाचा एक प्रकार म्हणून येतो, आणि त्यावर निवेदक एक शब्दही बोलत नाही. ही दिग्दर्शकाची शिस्त.

शेवट तेरा वर्षांनंतरचा. जेनवर बलात्कार झालेला असतो. दिवस भरल्यावर ती कुठल्याशा मोडक्या इस्पितळात पोचते. रक्ताळलेल्या कापडात गुंडाळलेलं मूल नर्स तिच्या हाती देते. ती बघते, तिचं तोंड उघडतं, आणि किंकाळी फुटायच्या आत चित्र थांबतं. श्रेयनामावली नि:शब्द सरकते. भाषा गेली होती; आता साधा आवाजही उरलेला नाही.

‘थ्रेड्स’च्या आधीची वाट पीटर वॉटकिन्सनं पाडली होती. त्याचा ‘द वॉर गेम’ बीबीसीसाठीच १९६५ साली तयार झाला. केंट परगण्यातल्या साध्या माणसांना घेऊन केलेला, पाऊण तासाचा. तो फार भयंकर आहे असं कारण देऊन बीबीसीनं तो दाखवायचं नाकारलं. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, तरी ब्रिटिश टीव्हीवर तो लागायला १९८५ उजाडलं. अमेरिकेत नोव्हेंबर १९८३मध्ये एबीसीनं ‘द डे आफ्टर’ दाखवला आणि सुमारे १० कोटी लोकांनी तो पाहिला. तो पाहून आपण फार खिन्न झालो, असं राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रोजनिशीत लिहिलं. वॉटकिन्स प्रेक्षकाची कॉलर धरून त्याला जाब विचारतो. ‘द डे आफ्टर’ प्रेक्षकाबरोबर रडतो. ‘थ्रेड्स’ यांतलं काहीच करत नाही. बाकीचे चित्रपट जिथे संपतात तिथून तो आणखी तेरा वर्षं पुढे चालत जातो, आणि अणुयुद्धाचं खरं स्वरूप त्या तेरा वर्षांत आहे.

दोष नाहीत असं नाही. जेनच्या पिढीची भाषा इतकी झडलेली दाखवणं पटायला जड जातं. बोलणारी माणसं आजूबाजूला असताना मूल भाषा उचलतंच; दहा वर्षांत ती तीनचार शब्दांवर येईल, हे भाषेच्या अभ्यासकाला मान्य होणार नाही. अणुहिवाळ्याच्या तीव्रतेबद्दलही शास्त्रज्ञांत पुढे बरेच वाद झाले. आणि शेवटच्या भागात जेनवर एकामागून एक जी संकटं कोसळतात, त्यांत लेखकाचा हात जाणवतो. पण हे दोष अतिशयोक्तीचे आहेत, खोटेपणाचे नाहीत.

हे सगळं दूरच्या इंग्लंडचं, शीतयुद्धाच्या काळचं, म्हणून बाजूला ठेवावं तर तेही जमत नाही. अॅलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हवामानाच्या प्रारूपावर जो अभ्यास केला, त्यात हिरोशिमाच्या ताकदीचे १०० बॉम्ब भारत आणि पाकिस्तानच्या शहरांवर पडले असं धरलं होतं. त्यातून उठणारी सुमारे ५० लाख टन काजळी साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशानं खाली आणील, असा त्याचा निष्कर्ष होता. पोखरणनंतरच्या उन्मादावर मुंबईच्या आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ हा माहितीपट केला, तेव्हा सेन्सॉर मंडळानं त्याला कात्री लावायला सांगितली. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो काटछाटीविना दाखवायला मोकळा केला. पण आपल्याकडे अणुबॉम्ब अजूनही अभिमानाच्या भाषणात येतो, स्वयंपाकघरात येत नाही. शेफील्डच्या जागी आपलं एखादं शहर घालून, तिथल्या आयुक्ताचं तळघर, तिथली लोकल, तिथला सरकारी दवाखाना अशा बारकाव्यांनिशी कुणी असा चित्रपट लिहावा, याची गरज आहे.

‘थ्रेड्स’ बघायचा तर सलग बघावा, आणि पहिला पाऊण तास पुढे ढकलू नये. अनेक जण तिथे घाई करतात, स्फोटापाशी पोचायला बघतात. पण स्फोटानं काय नेलं, हे त्या पाऊण तासाशिवाय कळणार नाही: खरवडलेला भिंतीचा कागद, व्याह्यांचा अवघडलेला चहा, रेडिओवरचं फुटबॉल. आज जगात नऊ देशांकडे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रं आहेत. त्यांच्याबद्दल बोलणारे मेगाटन, पल्ला आणि धाक या भाषेत बोलतात. त्या भाषेला माणसाच्या बाजूनं दिलेलं इतकं पूर्ण उत्तर दूरचित्रवाणीनं दुसरं दिलेलं नाही.